आठशेच्या गाडीला टर्बो

आमच्या आठशे सीसीच्या गाडीला टर्बो बसवायचा हट्ट नवऱ्याचा. त्याने तो बसवला आणि साडेतीन महिन्यांत मी तो जाळला. नातेवाइकांत ही गोष्ट निघाली की पहिला अर्धाच भाग सांगितला जातो. दुसरा सांगायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघतात आणि चहाचा कप उचलतात. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. आम्ही डोंबिवलीत कोपरला राहायचो. नवरा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवायच्या खात्यात होता. ती कंपनी बंद पडली. थोडेफार पैसे हातात मिळाले आणि तो घरी बसला. पहिले दोन महिने त्याने नोकरी शोधली. पुढचे दोन महिने शोधल्यासारखं केलं. मग घरातल्या सगळ्या कड्याकोयंड्यांना तेल घातलं, शिलाई मशीन उघडून परत जोडलं, आणि त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. शनिवारी मी अर्ध्या दिवसाने लवकर आले की तो खाटेवर पेपर तोंडावर घेऊन पडलेला असायचा. झोपलेला नसायचा.

पैशांचं मी बघत होते. ठाण्यात औषधांच्या एका कारखान्यात मी पॅकिंगची सुपरवायझर होते, दोन वेळचं जेवण सुटत होतं. मला भीती वेगळीच होती. आमच्या बिल्डिंगमध्ये बंद कंपन्यांतले तीन पुरुष आधीपासून होते. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते खाली गेटजवळच्या कट्ट्यावर बसत, ते दुपारच्या जेवणापर्यंत. चाळिशीही उलटली नव्हती कुणाची. माझा नवरा एकदा त्या कट्ट्यावर जाऊन बसला की परत उठणार नाही, हे मला दिसत होतं. मला तो घराबाहेर हवा होता. कशाच्या निमित्ताने, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

गाडी सेकंडहँड होती आणि ती मीच चालवायचे. बरोबर कारखान्यातल्या तिघी, पेट्रोल चौघींत, शीळफाट्यावरून मुंब्रा, कळवा आणि ठाणे. मला गाडी शिकवली बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. ते खोपटच्या बस डेपोत तीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यांनी मला क्लच शिकवायच्या आधी काटकसर शिकवली. उतार लागला की न्यूट्रल. फाटक पडलं की इंजिन बंद. "उभी गाडी चालू ठेवणारा माणूस नळ उघडा टाकून गावाला जातो," असं ते म्हणत. आमच्याकडे रेल्वेचं फाटक पडलं की दहा-पंधरा मिनिटं पडलेलंच. रिक्षा, टेम्पो, स्कूटर, सगळे एका दमात बंद होत आणि एकदम शांत होई. इतकं, की रूळ ओलांडणाऱ्या बायकांच्या चपला वाजलेल्या ऐकू येत. एखाद्याने इंजिन चालू ठेवलं तर लोक त्याच्याकडे वळून बघत.

त्या मे महिन्यात आम्ही नवऱ्याच्या गावी, जुन्नरकडे निघालो. दिरांसाठी घरघंटी घेतली होती. ती मागच्या सीटवर, तिला टेकून बाबा, पुढे मी आणि नवरा. त्या दिवशी तो चालवत होता. माळशेज घाट चढायला लागलो तशी गाडी दुसऱ्यावरून पहिल्या गिअरवर आली आणि एका वळणावर थांबलीच. शेवटी बाबा आणि मी खाली उतरलो आणि उन्हातून पायी चालायला लागलो. गाडी पुढे, आम्ही मागे. शेजारून एक ट्रक गेला. त्याचा क्लीनर दारातून वाकून ओरडला, "ओ ताई, गाडी खांद्यावर घ्या, लवकर पोचाल!"

बाबा हसले. मीही हसले. नवऱ्याने वर सपाटीला गाडी उभी केली होती, तो हसला नाही. गावी दोन दिवस तो बॉनेट उघडून बघत राहिला. परत येताना कल्याण आलं तेव्हा म्हणाला, "इंजिन लहान आहे ही अडचण नाही. त्याला श्वास कमी पडतोय."

"मग?"

"टर्बो बसवला पाहिजे."

आठ महिन्यांत त्याने आपणहून काढलेला हा पहिला विषय. टर्बो म्हणजे काय ते त्याने मला घरी पोचेपर्यंत समजावलं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर तसा फुकटच जातो. त्या धुरावर एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त.

"किती लागतील?"

"वीस हजारांत होईल."

होणार नाही हे मला माहीत होतं. आमच्या पॅकिंगमध्ये आलेलं एकही नवं मशीन सांगितल्या किमतीत उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मी मनात चाळीस धरले आणि हो म्हटलं. बाबांना ते पटलं नाही.

"जावईबापू, त्यापेक्षा घरघंटी ट्रान्सपोर्टने पाठवायची होती. दीडशे रुपयांत काम."

"बाबा, घरघंटीचा प्रश्न नाहीये."

"ते कळतंय मला," बाबा माझ्याकडे बघत म्हणाले.

कुर्ल्याच्या भंगार बाजारात परदेशातल्या मोडीत निघालेल्या गाड्यांची इंजिनं यायची. तिथे आठ-दहा खेपा घालून त्याने एक टर्बो आणला. वर्तमानपत्रातून काढून ओट्यावर ठेवला तेव्हा मला वाटलं, नळाचा कसला तरी मोठा भाग असेल. लहान नारळाएवढा, गोगलगायीच्या शंखासारखा.

"एवढ्याला बारा हजार?"

"मिनिटाला लाखभर फेरे घेतो तो."

"आपला मिक्सर अठरा हजार घेतो आणि त्याचं झाकण उडतं."

"म्हणूनच तो ओट्यावर आहे आणि हा गाडीत जाणार."

टर्बो बारा हजारांचा, पण तो एकटा कशालाच उपयोगी नव्हता. धुराचा पाइप मुळापासून नवा करावा लागला. टर्बोला तेल न्यायला एक नळी, ते परत आणायला दुसरी, आणि त्यासाठी इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या टाकीला भोक पाडायचं. जास्त हवा कोंबल्यावर इंजिन आतून ठोके मारतं, म्हणून हेडखाली तांब्याच्या पत्र्याचं जाड गॅस्केट. ते त्याने कानशीने हाताने घासलं, आठ दिवस लागले. कार्बोरेटरमधून दाबाने पेट्रोल बाहेर फुटायला लागलं, तो सगळा खोलून बंदिस्त केला. पंप पुरेना, नवा पंप. एवढं झाल्यावर क्लच घसरायला लागला. क्लचप्लेट बदलली तर रेडिएटर तापायला लागला. एका गोष्टीला हात लावला की पुढची 'मी पण, मी पण' म्हणत उभी. ते दोन महिने आम्ही चौघी बसने ठाण्याला गेलो आणि तिघींनी मला रोज ऐकवलं.

"काय गं, तुझी गाडी विमान होऊन येणार ना?"

"पंख राहिलेत फक्त," मी म्हणायचे.

धुराचा पाइप वेल्ड करायला कुणी तयार होईना. शेवटी कोपरच्या खाडीकाठचा एक कोळी मिळाला. मासेमारीच्या होड्यांना इंजिनं बसवणं हा त्याचा धंदा. तो आला, वाकला, बॉनेटखाली डोकं घालून बराच वेळ बघत राहिला.

"वहिनी, गारीचा काम मना ठावं नाय," तो मला म्हणाला. "पन हाय त पायपच ना? होरीला लावतंव तसा लावू."

त्याने लावला, आणि वर होडीच्या धुराड्याला गुंडाळतात तशी ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून दिली, म्हणजे बॉनेट तापू नये. मजुरी फार घेतली नाही, पण आठवड्यातून दोनदा नुसता बघायला यायचा. ते दोघं गाडीशेजारी उकिडवे बसून तासन् तास बोलत. मी गॅलरीतून खाली बघायचे. कट्ट्यावरचे तिघेही उठून गाडीपाशी येऊन उभे राहू लागले होते.

एकूण खर्च चाळीसच्या पुढे गेला. किती पुढे ते मी त्याला विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

गणपतीच्या आधी गाडी सुरू झाली. पहिल्या फेरीला बाबा मागे बसले. शीळच्या रस्त्यावर नवऱ्याने तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. क्षणभर काहीच नाही, मग बारीक शिट्टी, आणि गाडी अशी उचलली की बाबांची टोपी मागच्या काचेवर जाऊन आपटली.

"दमा झालाय का हिला? शिट्टी कसली वाजतेय?"

"तोच टर्बो, बाबा."

"बस पळवत होतो तेव्हा एवढी घाई कुणालाच नव्हती," बाबा म्हणाले. पण परत येताना त्यांनी "पुढे बसतो" म्हटलं.

मी रोज ती गाडी ठाण्याला न्यायला लागले. खरं सांगते, मला मजा यायची. पूल चढताना आधी आम्ही चौघी नकळत पुढे झुकायचो, गाडीला मदत म्हणून. आता मागे रेलावं लागायचं. "अगं हळू, डबा सांडला माझा!" म्हणून मागून ओरडा व्हायचा आणि मी आणखी थोडा पाय दाबायचे. घरी येताना पूल चढून, जोरात येऊन मी फाटकात पोचायचे. फाटक पडलेलं असलं की किल्ली फिरवायची आणि बंद. नेहमीसारखं.

दिवाळीनंतर डोंबिवली पूर्वेचा एक डॉक्टर नवऱ्याकडे आला. त्याचीही अशीच गाडी होती आणि त्याला शनिवार-रविवार लोणावळ्याला जायची हौस होती. "मला करून द्याल का?" त्याने विचारलं. नवऱ्याने कागदावर यादी करून दिली, खर्च सांगितला. डॉक्टर म्हणाला, पुढच्या रविवारी तुमची गाडी चालवून बघतो आणि ठरवतो. त्या आठवड्यात नवऱ्याने पेन्सिलने तीन नव्या आकृत्या काढल्या आणि भिंतीला चिकटवल्या. शेड भाड्याने कुठे मिळेल, याची चौकशी करून आला.

गुरुवारी कारखान्यातून परतताना मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत शेजारी आला. "मॅडम, धूर बघा मागे!" मी आरशात बघितलं, निळा धूर. शिट्टीच्या जागी खरखर. रविवारपर्यंत नवऱ्याने तेल बदललं, नळ्या तपासल्या, काही उपयोग झाला नाही. डॉक्टर आला, गाडी सुरू केली, सगळं कंपाउंड निळं झालं. तो चांगला माणूस होता. "बघू, नंतर ठरवू," म्हणाला आणि गेला.

नवऱ्याने टर्बो काढला, गॅलरीत वर्तमानपत्रावर खोलून ठेवला. दांड्यावर ओरखडे, दांडा ज्यात फिरतो तो पितळी बुश झिजलेला, आत सगळं काळं.

"कुर्ल्यात फसवलं का तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही. आणला तेव्हा चांगला होता, मी मोजला होता." दांडा उजेडात धरून म्हणाला, "माझंच चुकलं असणार. बसवताना लेव्हल गेली असेल. टूलरूममध्ये नोकरी केली आणि एक दांडा सरळ बसवता आला नाही." त्याने भिंतीवरच्या आकृत्या काढून घडी घालून ठेवल्या आणि खाटेवर जाऊन पडला. पेपर तोंडावर. मंगळवारी मी कारखान्यातून आले तर तो कट्ट्यावर बसलेला होता. इस्त्रीचा शर्ट.

पुढच्या रविवारी बाबा जेवायला यायचे होते म्हणून मी दूध आटवायला ठेवलं होतं. खालच्या मजल्यावरची बाई काहीतरी मागायला आली, मी दारात दोन मिनिटं बोलत राहिले आणि ढवळायचं राहिलं. दूध लागलं. वरचं दुसऱ्या भांड्यात काढलं आणि पातेलं घासायला गॅलरीतल्या मोरीत नेलं. तिथे शेजारीच तो टर्बो उघडा पडलेला. पातेल्याच्या बुडाशी काळी खपली आणि टर्बोच्या पोटातही तशीच काळी खपली, अगदी तशीच. नख लावलं तर दोन्ही तशीच निघत होती. मी तो भाग हातात घेऊन आत गेले.

"हे काय आहे?"

पेपरखालूनच तो म्हणाला, "तेल जळलंय."

"कसं जळेल? ते फिरत असतं ना सारखं? ढवळत राहिलं तर दूधसुद्धा लागत नाही."

"इंजिन चालू असेपर्यंत फिरतं."

"आणि बंद केल्यावर?"

पेपर खाली आला. "बंद केल्यावर जागच्या जागी थांबतं. टर्बो लालबुंद तापलेला असतो आणि तेल त्याच्या पोटात तसंच..." तो उठून बसला. "तू गाडी कुठे बंद करतेस?"

मला उत्तर माहीत होतं. तरी दोन क्षण थांबले, कारण आयुष्यात मला कुणी उधळी म्हटलं नव्हतं आणि काटकसरीने मी चाळीस हजारांचं वाटोळं केलं होतं.

"फाटकात," मी म्हटलं. "पूल चढून जोरात येते आणि फाटक दिसलं की बंद करते. रोज संध्याकाळी."

तेवढ्यात बाबा आले. त्यांना सगळं सांगितलं. ते टोपी काढून खुर्चीवर बसले. "मीच शिकवलंय तिला. माझ्यावर बिल फाडा."

"तुमच्या बसला टर्बो नव्हता, बाबा," नवरा म्हणाला. मग एकदम हसायला लागला. मला वाटलं रागाने हसतोय. "म्हणजे माझी लेव्हल बरोबर होती!"

पैसे गेले, गिऱ्हाईक गेलं, त्याचं त्याला काहीच नव्हतं. दांडा सरळ बसवला होता, बास. त्याने जेवताना तीनदा तेच सांगितलं. संध्याकाळी तो भाग रॉकेलात बुडवून ब्रशने घासत बसला.

नवा टर्बो घ्यायचा प्रश्नच नव्हता. वागळे इस्टेटमध्ये त्याच्या जुन्या ओळखीच्या एकाचं लेथचं वर्कशॉप होतं. तिथे त्याने कांस्याचे नवे बुश केले आणि दांडा घासून गुळगुळीत केला. एवढ्या वेगाने फिरणारी वस्तू केसभरही एकीकडे जड असून चालत नाही. ग्राइंडिंग मशीनच्या स्पिंडलचं, म्हणजे फिरत्या दांड्याचं बॅलन्सिंग करणारा एक जण त्याने शोधून काढला आणि त्याच्याकडून ते करून घेतलं. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा शिट्टी परत आली. महिना गेला, पण त्या महिन्यात तो रोज सकाळी घराबाहेर पडत होता.

आणि मला नवा नियम आला. गाडी थांबली की दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, मग किल्ली. ऐकायला सोपं आहे. फाटकात सगळं शांत झालेलं, आणि माझी एकटीची गाडी धुगधुगतेय. पहिल्याच दिवशी शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "ओ मॅडम, पेट्रोल फुकट येतं का घरी?" मी घड्याळाकडे बघत बसले. फुकट जाणारा प्रत्येक थेंब मला दिसत होता. दोन मिनिटं इतकी मोठी असतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

डॉक्टर परत आला नाही. लहान गाडीला एवढा खर्च करणारा दुसरा कुणीच आला नाही, आणि आम्हीही कुणाला आग्रह केला नाही. आला तो खाडीवरचा वेल्डर, त्याच्या मेव्हण्याला घेऊन. मेव्हण्याचे रेतीचे ट्रक होते, त्यांतले दोन नव्या धर्तीचे, कंपनीतूनच टर्बो लावून आलेले. मेव्हण्याने पिशवीतून एक टर्बो काढून जमिनीवर ठेवला. आमच्यापेक्षा तिप्पट मोठा.

"यो वर्सातून दोनदा जातंय," वेल्डर म्हणाला. "पुन्याला धारतंय रिपेअरला. पंधरा दीस गारी उभी. तुमचा कसा झाला ता बोललू याला."

नवऱ्याने तो उघडला. आत बघितलं आणि माझ्याकडे वळवून धरला. तीच काळी खपली.

"ड्रायव्हर चढ चढून येतो आणि काट्यावर वजनाला लागला की लगेच बंद करतो ना?" मी विचारलं.

"मंग?" मेव्हणा म्हणाला. "डिझेल जालाचा काय उभ्या गारीत?"

ते काम नवऱ्याने चार दिवसांत करून दिलं. पुढच्या महिन्यात त्याच मालकाच्या ओळखीच्यांचे आणखी दोन आले, मग शीळफाट्याच्या एका गॅरेजवाल्याने तीन पाठवले. प्रत्येक वेळी मी बजावायचे की ड्रायव्हरला सांगा, दोन मिनिटं थांब. ते मान डोलवायचे. ऐकत कुणीच नव्हतं, हे परत येणाऱ्या टर्बोंवरून कळायचंच. नवरा म्हणाला, "तू सांगत राहा. मी दुरुस्त करत राहतो."

गाडी आम्ही पुढे विकली. घेणाऱ्याला कंपनीतून आली तशीच हवी होती, म्हणून टर्बो, पाइप, गॅस्केट, सगळं काढून द्यावं लागलं. दोन महिन्यांत बसवलेलं दोन दिवसांत निघालं. मला वाईट वाटलं नाही.

शीळफाट्याला एका गॅरेजच्या मागे पत्र्याची शेड रिकामी होती, ती त्याने भाड्याने घेतली. एक जुना लेथ हप्त्यावर आला. सोमवारपासून तिकडे जायचं ठरलं होतं. मला वाटलं होतं, अकराच्या सुमारास निघेल. मी माझ्या घाईत पोळ्या लाटत होते, साडेसात वाजले होते, तर तो शर्ट खोचून स्वयंपाकघराच्या दारात उभा.

"डबा?"

दीड वर्ष मी एकच डबा भरत होते, माझा. भाजी तेवढीच केलेली. त्याचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवरून काढला, धुतला, दोन पोळ्यांना तूप-साखर लावून गुंडाळल्या, लोणच्याची फोड टाकली.

"उद्या हवा असेल तर आज रात्रीच सांगा," मी म्हटलं.

"रोजच लागेल," तो म्हणाला आणि चपला घालायला लागला.